गहाळ दप्तर

ब्राइस कॅन्यनच्या मुक्कामात पहाटे गाडीचे दार उघडले, तेव्हा मागच्या आसनावर रात्रभर राहिलेली पाण्याची बाटली आपला नेहमीचा आकार सोडून बसली होती. आतले पाणी गोठून धुरकट पांढरे झाले होते, त्यात असंख्य बारीक बुडबुडे जागच्या जागी अडकले होते, आणि तळाचे प्लास्टिक असे बाहेर फुगले होते की बाटली काही केल्या उभी राहीना. यजमानांनी ती तळहातावर आडवी घेतली, चष्मा कपाळावर सरकवून त्या फुगवट्यावरून अंगठा फिरवला, आणि ज्याचे सारे आयुष्य जमिनीच्या मोजणीत गेले त्या माणसाच्या सवयीने म्हणाले, "इतकंसं पाणी, पण जागा वाढवून मागतंय बघ."

तेवढ्या एका वाक्यात त्यांनी ब्राइसची सगळी कैफियत सांगून टाकली होती, हे मला अर्ध्या तासाने, कड्याच्या काठावर उभे राहून सूर्योदय पाहताना उमगले. समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांवरच्या त्या पठाराचा काठ अर्धवर्तुळात खचलेला आहे, आणि त्या खचलेल्या जागेत केशरी, गुलाबी, पांढऱ्या चुनखडीचे हजारो सुळके दाटीने उभे आहेत; त्यांना तिकडे हूडू म्हणतात. वर्षातल्या पावणेदोनशे ते दोनशे दिवशी तेथे दिवसा बर्फ वितळते आणि रात्री पुन्हा गोठते. वितळलेले पाणी दगडाच्या भेगेत उतरते, रात्री फुगते, भेग केसाएवढी रुंदावते, आणि दुसऱ्या दिवशी त्या रुंदावलेल्या भेगेत थोडे अधिक पाणी मावते. एवढ्या एका कृतीची अखंड पुनरावृत्ती होत राहिली, आणि त्यातून प्रथम भिंती, मग भिंतींना खिडक्या, मग खिडक्यांच्या माथ्याचे दगड कोसळून हे सुटे स्तंभ घडले. पायूट लोकांच्या कथेप्रमाणे ही पूर्वी माणसेच होती आणि कोल्ह्याच्या रूपातल्या देवतेने त्यांना शिळा केले. पहिले ऊन त्या माथ्यांवर पडले तेव्हा ती कथा मला भूगर्भशास्त्राइतकीच विश्वसनीय वाटली, कारण त्या समुदायात खरोखरच एखादी सभा बोलता बोलता थांबल्याचा भास होता.

यजमान भूमी अभिलेख खात्यात होते. साखळी, काठी, हद्दीचे दगड, टिपण आणि आकारबंद यांच्या संगतीत त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी कोणतीही नवी भूमी समोर आली की त्यांची नजर आधी तिची हद्द शोधते. लेकीकडे सॉल्ट लेक सिटीला आलो, तेव्हा युटाच्या दक्षिणेकडची उद्याने पाहायला दोघांनीच जावे असा आग्रह तिनेच धरला. ते मोटार चालवीत आणि मी मांडीवर नकाशा पसरून बसे. घरी समोरासमोर बसून जे शब्द कित्येकदा ओठांवर येऊन परततात, ते दोघांची दृष्टी एकाच रस्त्यावर खिळलेली असली म्हणजे सहज बाहेर पडतात, असा मला त्या प्रवासात अनुभव आला. तरीही आरंभीचे बोलणे रस्त्याचे, पेट्रोलचे आणि हवेचेच असे. संसार जुना झाला म्हणजे बोलणे विरळ होते, आणि त्या विरळपणालाच आपण समजूतदारपणा म्हणतो.

ब्राइसच्या आधी आम्ही झायनला होतो. तेथे दरीच्या तळातून व्हर्जिन नावाची एक लहानशी, घोट्याएवढ्या पाण्याची नदी वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांनी दोन दोन हजार फुटांच्या तांबड्या भिंती उभ्या आहेत. हा सगळा दगड म्हणजे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका विशाल वाळवंटाच्या टेकड्या. वारा ज्या दिशेने वाहिला त्या दिशेच्या तिरक्या रेघा आजही दगडावर जशाच्या तशा आहेत, एक थर एका बाजूला कललेला, त्यावरचा दुसरीकडे. वारा थांबला, वाळू दबली, दगड झाली, पण वाऱ्याची नोंद राहिली. एका ठिकाणी कड्यातून पाणी पाझरते आणि खालच्या ओलीवर नेचे वाढलेले आहेत. वर पठारावर पडलेला पाऊस त्या वालुकाश्मातून झिरपत खाली यायला हजाराहून अधिक वर्षे लागतात असे तेथे सांगतात. मी त्या थेंबांखाली ओंजळ धरली, आणि ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी केव्हा तरी पडलेला पाऊस हातावर घेतला या विचाराने अंगावर काटा आला.

झायनमधून पूर्वेला निघणारा रस्ता सव्वा मैलाहून थोड्या कमी लांबीच्या एका बोगद्यातून जातो. १९३० साली पुरा झालेल्या त्या बोगद्याला कड्याच्या बाजूने खिडक्या पाडलेल्या आहेत. खोदताना निघालेला दगड त्यांतूनच दरीत लोटला होता. आता तेथे थांबायला मनाई आहे. अंधारातून जाताना एकाएकी डाव्या हाताला उन्हाने पेटलेली दरी क्षणभर दिसते, पुन्हा अंधार, पुन्हा क्षणभर तीच दरी, पण जरा वेगळ्या कोनातून. माझ्या स्मृतीचेही बरेचसे असेच झाले आहे, असे मी यजमानांना म्हटले. ते काही बोलले नाहीत, पण बोगदा संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पुष्कळ वेळ आम्ही मागे वळून त्या कड्याकडे पाहत उभे राहिलो.

ब्राइसहून ईशान्येला जाणारा बारा क्रमांकाचा राज्यरस्ता हा त्या प्रदेशातला सर्वांत सुंदर रस्ता आहे असे माझे मत आहे, आणि त्या मतावर मी आजही कायम आहे. एस्कलांटे आणि बोल्डर या दोन गावांच्या दरम्यान तो डोंगराच्या अशा अरुंद कण्यावरून जातो की दोन्ही बाजूंना डांबर संपते तेथेच भूमी संपते, आणि खाली पांढऱ्या, पिवळसर, घोटीव दगडाचा एक गोठलेला समुद्र क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. बोल्डर हे इतके आडबाजूचे गाव, की १९३० नंतरच्या दशकातही तेथले टपाल खेचरांच्या पाठीवरून येत असे. हे वाचले तेव्हा माझे मन तो रस्ता सोडून फार दूर गेले.

गडचिरोली जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या काळात यजमानांची बदली तिकडे झाली. मुले लहान, माझी शाळेतली नोकरी पुण्यात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा ते एकटेच गेले, आणि पुढे कित्येक वर्षे आमचा संसार टपालावर चालला. त्यांची पत्रे येत. वरती श्री, मग ठिकाण आणि तारीख, मग येथे सर्व क्षेम, मनिऑर्डर पाठवली आहे, आईच्या औषधाची हयगय करू नये, मुलांनी अक्षर सुधारावे. माझीही उत्तरे त्याच नमुन्याची असत. ती सगळी पत्रे मी तारीखवार लावून ठेवलेली आहेत, एकही हरवलेले नाही. तरी आज ती वाचून त्या वर्षांत आम्ही दोघे काय होतो याचा काही तपास लागत नाही. पुढे बदल्या संपल्या, ते परत आले, आणि मधल्या काळाचा विषय दोघांनीही काढला नाही. भांडण नव्हते, अढी नव्हती. मुलांच्या परीक्षा होत्या, आईंचे आजारपण होते, आणि त्या घाईत तो काळ नुसता मागे पडला.

त्याच बारा क्रमांकाच्या रस्त्याने पुढे गेले की कॅपिटल रीफ उद्यानात फ्रूटा म्हणून एक जागा आहे. उघड्या, तांबड्या कड्यांच्या कुशीत फ्रीमाँट नदीच्या काठी १८८० च्या सुमारास मॉर्मन पंथाच्या काही कुटुंबांनी वस्ती केली आणि जर्दाळू, चेरी, पीच, सफरचंद यांच्या बागा लावल्या. ती कुटुंबे केव्हाच निघून गेली, पण बागा उद्यानखात्याने राखल्या आहेत, आणि झाडाखाली उभे राहून हवी तितकी फळे खाण्याची मोकळीक आहे. घरी न्यायची असतील तर तोलून पेटीत पैसे टाकावेत. शेवटची सफरचंदे झाडांवर होती. शिडी टेकवून यजमान वर चढले, मी खाली पदर धरून उभी राहिले, आणि त्यांनी टाकलेले पहिले फळ मी पदरातच झेलले. शेजारच्याच कड्यावर, त्या बागा लावणाऱ्यांच्याही शेकडो वर्षे आधी तेथे राहिलेल्या लोकांनी कोरलेल्या आकृती आहेत: खांदे रुंद असलेली माणसे आणि वळलेल्या शिंगांच्या मेंढ्या. एकाच नदीचे पाणी दोघांनी प्यायले.

त्या सगळ्या प्रदेशात ज्युनिपरची झाडे आहेत, ठेंगणी, पीळ पडलेली, धूसर हिरवी. अवर्षण फार झाले की हे झाड आपल्याच एखाद्या फांदीचे पाणी तोडते आणि उरलेल्या फांद्या जगवते. म्हणून एकाच बुंध्यावर एक फांदी वाळून रुपेरी झालेली आणि तिच्या शेजारची निळसर फळांनी लगडलेली, असे दृश्य जागोजाग दिसते. मी त्या वाळलेल्या फांदीला हात लावून पाहिला. लाकूड अजून टणक होते, उन्हाने तापलेले होते, आणि ते मेलेले आहे असे हाताला जाणवत नव्हते.

आर्चेस उद्यानात गर्दी होती. तेथे दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत, आणि त्यांच्या मुळाशी जमिनीखाली खोल दडलेला मिठाचा थर आहे; वरच्या भाराने ते मीठ सरकले, वरचा दगड तडकला, आणि पुढचे काम पाण्याने आणि थंडीने केले. लँडस्केप आर्च नावाची कमान जवळजवळ तीनशे फूट लांब आहे, आणि तिचा मधला भाग इतका कृश झालेला आहे की पाहणाऱ्याचाच श्वास अडखळतो. १९९१ साली तिच्या पोटातून साठ फुटांचा एक चिरा निखळून पडला, तेव्हा खाली माणसे होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून कमानीखालची वाट बंद आहे. एखादे दिवशी ती पडेल. आम्ही त्या दिवसाच्या अलीकडे आलो, याबद्दल मला कृतज्ञता वाटली.

आर्चेसजवळच्या मोआब गावाहून दक्षिणेला निघालो, की नवाहो लोकांचा मुलूख लागतो. १८६४ साली या लोकांना सरकारी फौजेने शेकडो मैल पायी चालवत परमुलखात नेऊन डांबले, आणि १८६८ च्या तहाने ते आपल्या भूमीत परतले. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशाखाली चांदीचे आणि पिरोज्याचे दागिने मांडून बसलेल्या बाया दिसतात. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नवाहो मुलूख करतो. त्यामुळे त्यांची हद्द ओलांडून पुढे आलो तेव्हा एक तास आम्हाला परत मिळाला. यजमान हद्दीविषयी फार वेळ बोलत राहिले. ते म्हणाले, "राष्ट्रीय उद्यान म्हणजे सरकारने आखलेली एक रेघ. माझा पहिला प्रश्न हाच, की रेघ आखण्याआधी तिथे कोण कसत होतं आणि फेरफार कोणाच्या सहीनं झाला?" त्यांचा प्रश्न अस्थानी नव्हता. ग्रँड कॅन्यनच्या काठावर आणि तळाशी हवासुपाई लोक शतकानुशतके राहत आले. उद्यान होण्याच्या आधीच त्यांना एका चिंचोळ्या दरीपुरते आवळले गेले, आणि सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार एकर जमीन त्यांना परत मिळाली ती १९७५ साली. त्यांच्या पूर्वजांच्या बागा असलेल्या एका जागेचे नाव बदलून त्यांच्या नावाने रुजू झाले, तेही अगदी अलीकडे, २०२२ मध्ये. या सौंदर्यावर आपला डोळाभर हक्क आहे असे मानणाऱ्या आम्हा प्रवाशांनी ही हकीकत माहीत करून घेतली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

ग्रँड कॅन्यन मी चित्रांत पुष्कळ पाहिले होते. प्रत्यक्ष काठावर उभे राहिल्यावर प्रथम जाणवली ती शांतता. एक मैल खाली वाहणाऱ्या कोलोरॅडोचा आवाज वर येत नाही. दरी २७७ मैल लांब, काही ठिकाणी अठरा मैल रुंद, आणि तिच्या पोटात उभी असलेली शिखरे अशी की त्यांची नावे ऐकून मी चकित झाले. विष्णू मंदिर, शिव मंदिर, ब्रह्मा मंदिर, कृष्णाचे आणि रामाचे देवस्थान, मनू, बुद्ध, झरथुष्ट्र! क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० नंतरच्या वर्षांत या दरीचा अभ्यास करताना पौर्वात्य देवतांची नावे देण्याचा प्रघात पाडला, आणि मागून आलेल्यांनी तो चालवला. इतक्या दूर, ज्या दरीत त्या देवांचे एकही देऊळ कोणी बांधले नाही, तेथे मावळतीच्या उन्हात विष्णूचे शिखर पाहताना माझे हात आपोआप जोडले गेले.

आमच्या सह्याद्रीचा काळा फत्तर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर थिजलेला लाव्हा. त्याला मी लहानपणापासून पृथ्वीइतका जुना समजत आले. येथे काठावरचा, पायांखालचा, सर्वांत तरुण चुनखडीचा थर सत्तावीस कोटी वर्षांचा आहे, आणि तळाचा विष्णूच्याच नावाने ओळखला जाणारा काळसर, मुरड पडलेला दगड सुमारे एकशे सत्तर कोटी वर्षांचा. एवढ्या वयाचा दगड नदीने चिरला मात्र अवघ्या पन्नास-साठ लाख वर्षांत. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा माणूस, लढाईत दुसरा हात गमावलेला, चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन या नदीवर निघाला, आणि तीन महिन्यांनी व्हर्जिन नदीच्या मुखाशी बाहेर पडला तेव्हा त्याच्यासह सहाच जण उरले होते. ज्या पाण्याच्या काठी आमचा प्रवास सुरू झाला, तेच ते पाणी.

दक्षिण काठावर एक पायवाट आहे. तिच्यावर मीटरामीटराला धातूची खूण बसवली आहे, आणि प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. वाटेच्या कडेला दरीतल्या एकेका थराचे घोटून ठेवलेले दगड आहेत. त्यांना हात लावायची मुभा आहे, आणि यजमान प्रत्येकाला हात लावत होते. या मापाने माणसाचे पुरे आयुष्य मिलिमीटरच्या दहाव्या भागालाही पुरत नाही. चालता चालता आम्ही त्या जागेशी आलो जिथे दप्तर तुटते. खाली विष्णू थर आणि त्याच्यावर थेट टॅपीट्स नावाचा वालुकाश्म, सुमारे पन्नास कोटी वर्षांचा. मधल्या एकशे वीस कोटी वर्षांचा मागमूस बहुतेक ठिकाणी नाही. दरीत क्वचित कोठे तिरप्या पडलेल्या थरांच्या रूपाने त्यातली काही पाने शिल्लक आहेत, बाकी सगळे गहाळ. त्या काळात काही घडलेच नाही असे नव्हे. थर पडले, समुद्र आले, डोंगर उभे राहिले, आणि मग ते सगळे झिजून, वाहून गेले. जे साचले होते तेच नेले गेले, म्हणून खूण राहिली नाही.

यजमान त्या दोन दगडांच्या मधोमध उभे राहिले. "आमच्या खात्यात," ते म्हणाले, "दप्तर गहाळ झालं तर चौकशी होते. शेजारच्या गटांची टिपणं मागवतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब घेतात."

मी म्हटले, "मग माझा एक जबाब घ्यायचा राहिलाय. अहो, गडचिरोलीला संध्याकाळी तुम्ही काय करायचा?"

ते दगडावरून हात न काढता बराच वेळ गप्प राहिले. मग जवळच्या बाकावर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. भामरागडकडे मोजणीला गेले असता पर्लकोटा नदीला पूर आला आणि वाट बंद झाली. ज्या माडिया कुटुंबाच्या झोपडीत त्यांनी आसरा घेतला, तिथे जमीन ओली, भिंती ओल्या; तेव्हा टिपणांचे गठ्ठे त्यांनी मेणकापडात गुंडाळून आढ्याच्या वाशांना बांधले आणि त्या गठ्ठ्यांखाली ते झोपत. साखळी धरणारा त्या घरातला पोरगा त्यांना झाडांची नावे शिकवी, आणि कंदिलात तेल असेतो ते मला पत्र लिहीत.

"ती पत्रं मला आली नाहीत," मी म्हटले.

"टपाल बंद होतं. रस्ता उघडला तोवर त्यात लिहिलेलं सगळं जुनं झालं होतं. मग ती फाडली आणि तुला नेहमीचं खुशालीचं पत्र टाकलं."

"त्यात काय लिहिलं होतंत?"

समोर उद्यानाची बस येऊन थांबली, दार उघडून चालकाने आमच्याकडे पाहिले, आणि मी मान हलवून तिला जाऊ दिले. पुढची बस पाव तासाने होती, तीही गेली असती तरी चालले असते. कारण यजमान चष्मा काढून, आठवेल तसे, पहिल्या पत्रातला मजकूर सांगू लागले होते, आणि पहिल्या पत्रात अजून पाऊस सुरूही झालेला नव्हता.